न मोजलेलं वर्ष

डॉ. विमल रामटेके पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की फाइल पुढे केली नाही. पर्समधून काडेपेटी काढली, काडी पेटवली, माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली आणि म्हणाल्या, "फुंका. ओठांचा चंबू नाही करायचा. तोंड उघडं ठेवून फुंका."

मी रायपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा लेखाधिकारी. माझ्या खोलीत प्राध्यापकसुद्धा जरा वाकून येत. मी भांबावून फुंकलं. ज्योत हलली, विझली नाही. दुसऱ्या फुंकरीनंही नाही. विझली तेव्हा काडी त्यांच्या बोटांपर्यंत जळत आली होती. बोटं झटकत त्या म्हणाल्या, "सदर बाजारात राहता ना? दिवसभर स्कूटरींचा धूर. सकाळी फिरायले जात जा, मोघेभाऊ. आतून बंद होऊन राहिले तुम्ही." आणि मग फाइल ठेवली.

ही जुन्या डॉक्टरांची पद्धत. उघड्या तोंडानं काडी विझत नसेल तर छाती तपासून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. पण त्या शिपायाला, भाजीवाल्याला, बँकेतल्या रोखपालाला, कुणालाही फुंकायला लावत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामापुढे काडी धरली. मामांना ती विझवता आली नाही आणि वरपक्ष जेवण होईपर्यंत रुसून बसला. पुढच्या आठवड्यात मामा गुपचूप त्यांच्या ओपीडीत आले, हे बाईंनीच मला हसत सांगितलं होतं.

त्यांचे वडील नागपूरकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला आले आणि इथल्या गुढियारी वस्तीत स्थायिक झाले. बाई नागपुरात डॉक्टर झाल्या आणि पुन्हा गुढियारीतच परतल्या. आमचं घराणं भोसल्यांच्या अमलापासून रायपुरातलं. दोघंही मराठी, एकाच कॉलेजात, पण इतक्या वर्षांत एकमेकांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला नाही. आला नाही म्हणतो, पण खरं तर मी येऊ दिला नाही. त्या दोनदा बोलावून गेल्या होत्या.

जाड भिंगांचा चष्मा, हातात पुरुषी घड्याळ, खांद्यावर खताच्या पोत्यासारखी पिशवी, आणि अत्यंत चिकटपणा. आलेल्या पाकिटांच्या पाठीवर त्या टिपणं लिहीत. विभागात पंखा विनाकारण फिरताना दिसला की ज्युनियर डॉक्टरांना कॉरिडॉरभर ऐकू जाईल असं बोलत. स्वभाव गोड नव्हता. चूक झाली तर माफी मागत, पण माफीसुद्धा भांडल्यासारखी मागत.

त्यांचा विभाग सार्वजनिक आरोग्याचा. शेवटच्या जिन्याखाली दोन खोल्या. तिथले डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. वस्त्यांतलं पाणी, लसी, धूळ बघतात. म्हणून सर्जन मंडळी त्याला 'नाली विभाग' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत एकानं विचारलं, "क्यों मैडम, आज कौन सी नाली?" त्या शांतपणे पोळी मोडत म्हणाल्या, "आपके वार्ड के आधे मरीज जिसमें से निकलके आए, वही वाली."

शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांत लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून गारगोटीच्या भुकटीचा थर देतात. ती भुकटी मैद्यासारखी बारीक असते. भरणाऱ्यांच्या नाकातोंडात जाते, फुप्फुसात बसते आणि परत येत नाही. बाईंना या माणसांचा दम मोजायचा होता. एकदा नव्हे; दरवर्षी, दिवाळीनंतर, त्याच माणसांचा. मी विचारलं होतं, की एकदा मोजलं तर भागणार नाही का? त्या म्हणाल्या, "एका फोटोवरून माणूस वाळून राहिला का नाही, सांगता येते का? दरसालचा फोटो पायजे. एक साल जरी सुटला, तर कारखानेवाला म्हणते, तो मधातच गावी जाऊन बिमार पडला. आमच्याकडं नाही."

हे वाक्य त्यांनी माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हटलं होतं. मला सगळं समजलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

पहिल्या वर्षी मी एकदा त्यांच्याबरोबर उरल्याला गेलो. रविवार होता. वस्तीतल्या समाजभवनात सतरंजी अंथरलेली, टेबलावर श्वास मोजायचं यंत्र. त्याला बाई 'फुंकणी' म्हणत. एकेक कामगार येई, नळी तोंडात धरी, आणि बाई त्याच्या कानाशी ओरडत, "फूंको, फूंको, फूंको, और, और, छोड़ना मत!" दुखूराम नावाचा काटकुळा, मिश्किल माणूस होता. नळी काढून धापा टाकत तो म्हणाला, "मोर घरवाली घलो अतका नइ चिल्लावय, मैडम." बायकोसुद्धा एवढी ओरडत नाही म्हणे. सगळं भवन हसलं. बाई त्याला म्हणाल्या, "तुझी घरवाली शहाणी आहे. तिले मोजायचं नाही ना." त्याला मराठी कळलं नाही, पण तो "हव, हव" करत हसला.

दुसऱ्या वर्षी दुखूरामचा दम किंचित उतरलेला निघाला. बाई माझ्याकडे दुसऱ्याच कामासाठी आल्या होत्या, पण बोलल्या त्याबद्दलच. एवढा उतार थकव्यानंही दिसतो, सर्दीनंही. त्या काळजीत होत्या आणि काळजीत त्या टेबलावर नखानं रेघा ओढत. "तिसरं साल सांगल," म्हणाल्या. "तिसऱ्या सालीही उतरला, तर मले कागदावर लिहून देता येते, का याले भट्टीवरून काढा."

यात एक अडचण पैशांची होती. रविवारी ओव्हरटाइम असतो. मोजणीला आलेल्या माणसाची अर्धी पाळी बुडते. बाई त्यांना ती मजुरी देत. "पोट बांधून कोण फुंकायले येईल?" पण कामगाराची बुडालेली मजुरी भरून द्यायला सरकारी अंदाजपत्रकात शीर्षकच नाही. यंत्राला आहे, इमारतीला आहे. पहिली दोन वर्षं मी ती रक्कम 'चहापाणी व वाहतूक' यात बसवली होती. आमच्या खात्यात हे चालतं. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. बाईंनी त्याबद्दल माझ्यासाठी घरून चिवडा आणला होता. चिवडा फारच तिखट होता.

तिसऱ्या वर्षी नव्या इमारतीचं काम निघालं. दर्शनी भाग, काचेचा, पाहुणे येणार म्हणून घाईचा. वरून फोन आला, की प्रत्येक विभागातून बचत दाखवा, ती तिकडे वळवायची आहे. बाईंना हे कुठूनतरी कळलं. त्या माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इमारतीचं उद्घाटन होते, मोघेभाऊ. कोणाच्या फुप्फुसाचं उद्घाटन झालेलं पाहिलं का तुम्ही?" मी हसलो. त्याच महिन्यात ऑडिट बसलं आणि ऑडिटरनं सहज विचारलं, हा नाली विभाग एवढा चहा पितो का? माझं हसू तिथंच थांबलं. निवृत्ती जवळ आली होती. माझ्या आधीच्या लेखाधिकाऱ्याची पेन्शन अशाच एका प्रश्नावर अडकली होती, आणि तो माणूस रोज कार्यालयाच्या व्हरांड्यात येऊन बसे. मला तो डोळ्यांसमोर दिसू लागला.

आमच्याकडे बिल नाकारत नाहीत. नाकारलं तर कारण लिहावं लागतं, सही लागते. आमच्याकडे आक्षेप लावतात, आणि सगळे एकदम लावायचे नसतात. एक लावायचा, त्याचं उत्तर आलं की दुसरा. बाईंनी दिवाळीच्या आधी अग्रिम रकमेचं बिल दिलं. मी विचारलं, मागच्या वर्षीच्या हजेरीपत्रकावर अंगठे आहेत, सह्या का नाहीत? त्यांनी उत्तर आणलं. मग विचारलं, वाहनाचे दर कुठून घेतले? तेही आलं. दर वेळी त्या जिने चढून स्वतः येत, कारण शिपायावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

तिकडे कामगारांना रविवार सांगितलेला असे. माणसं येत. हातात पैसे नाहीत, मोजणीला लावायची दोन माणसं नाहीत, एकदा वापरून फेकायच्या नळ्या नाहीत. एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात त्या देणार नव्हत्या. अर्ध्यांना टीबी असल्याची शंका होती. समाजभवनाच्या दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा परतताना सरळ माझ्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या. त्या बसत नसत.

"मी माझ्या पगारातून करतो," म्हणाल्या. बोलताना त्या कधीकधी वडिलांसारखं 'करतो' म्हणत. "नंतर देजा. नाही देल्ले तरी चालते."

मी म्हणालो, मॅडम, सरकारी अभ्यासात खाजगी पैसा लावता येत नाही. सगळी मोजणीच रद्द धरतील. तुमच्यावर कारवाई होईल.

असा काही नियम मला माहीत नव्हता. आजही माहीत नाही. त्या त्यांच्या पैशानं मोजणी करून आल्या असत्या तर माझे आक्षेप उघडे पडले असते, म्हणून मी तो तिथल्या तिथे तयार केला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असनच. पैशाचं तुम्हाले समजते." आजाराच्या बाबतीत त्यांना कुणी सहज फसवू शकत नव्हतं, पण त्या मला पैशातला डॉक्टर समजत होत्या.

मार्चचा शेवटचा दिवस आमच्याकडे लग्नघरासारखा असतो. कोषागाराची खिडकी बंद व्हायच्या आत बिल गेलं नाही, तर पैसा मेला. बाई सकाळपासून माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर शेंगदाणे खात बसल्या होत्या. सगळ्या आक्षेपांची उत्तरं आली होती, आता लावायला काही उरलं नव्हतं. मी बाकीची बिलं उचलली, त्यांचं टेबलाच्या खणात ठेवलं आणि त्यांच्यासमोरून गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गेलं?" मी सांगितलं, सर्व्हर बसला. त्यांनी मांडीवरची टरफलं ओंजळीत गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गेल्या.

त्या वर्षीच्या नोंदीत मी लिहिलं: विभागाने निधी विहित मुदतीत वापरला नाही. आमच्या शास्त्रात ज्यानं खर्च केला नाही त्याला गरज नव्हती असं मानतात, म्हणून पुढच्या वर्षी त्यांच्या अभ्यासाचा निधीच आला नाही. आढावा बैठकीत वरचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मैडम, सरकार पैसा देती है, आप लोग खर्च तक नहीं कर पाते." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण घट्ट करत होतो. भांडणाऱ्या बाईचं ते गप्प बसणं मला अजून ऐकू येतं.

मी निवृत्त झालो, पेन्शन वेळेवर सुरू झाली. करोनाच्या वर्षी सगळ्यांना एकदम फुप्फुसं आठवली. यंत्रं आली, खोकी आली, चालवणारी माणसं मात्र कमी. मी फोन करून ख्यालीखुशाली विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "खोकं स्वतःहून दम देत नाही ना, भाऊ. माणूस ठेवा म्हणून बोंबलून राहिली होती मी, तवा कोणाच्या कानात नाही गेलं." दम लागला होता त्यांना. दिवसाचे कितीतरी तास त्या वॉर्डात होत्या.

मध्ये बरीच वर्षं गेल्यावर त्या पुन्हा उरल्याला गेल्या. निम्मी माणसं पांगली होती. दुखूराम त्या न मोजलेल्या वर्षानंतर खोकत गावी गेला आणि तिथंच वारला. त्याच्या बायकोनं, सुकवारोनं, भरपाईसाठी दावा लावला होता. मालकाच्या वकिलाचं म्हणणं बाईंनी मला फोनवर सांगितलं: दोन वर्षं तपासणी झाली, विशेष काही निघालं नाही, तिसऱ्या वर्षी हा माणूस तपासणीला आलाच नाही, म्हणजे त्याला त्रास नव्हता, आजार गावी गेल्यावरचा, बिडीचा. बाईंनी टेबलासमोर उभं राहून जे सांगितलं होतं, ते शब्दाशब्दानं घडलं होतं.

हे कळल्यावर गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा गुढियारीत त्यांच्या घरी गेलो. हृदय थकलं होतं, पाय सुजलेले, खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. खण, सर्व्हर, तो नियम. वाटलं होतं ओरडतील.

"सर्व्हरचं मले दुसऱ्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचे पैसे गेले होते ना."

मी विचारलं, मग बोलला का नाही?

"बोलून काय होते? साल निघून गेला होता. भट्टीवरच्या माणसाचा साल मार्चमध्ये संपत नाही, मोघेभाऊ. तुमचा संपते." मग म्हणाल्या, "त्या नियमाचं मात्र मले माहीत नव्हतं. तो खरा वाटला होता मले." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. खरी शिक्षा तीच झाली.

चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माफी मले नका मागू, मी काही देणार नाही. कोर्टात या. माझी बाजू घेऊ नका, मी चांगली होती का वाईट, कोर्टाले काय करायचं? दुखूराम दोनदा आला होता, आपण परत पाठवला, एवढंच सांगा."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. पहिल्या तारखेला रक्तदाब वाढला, तो खरंच वाढला होता. दुसऱ्या तारखेला नातीचं लग्न. मला वाटे, कुणी विचारेल, मग पेन्शनचं काय. या वयात चौकशी. मुलगा काय म्हणेल. सकाळी उठल्यावर आधी तारीख आठवे. बाईंनी फोन केला नाही. तिसऱ्या तारखेच्या आधी त्या गेल्या.

कॉलेजात शोकसभा झाली. एक मोठे डॉक्टर अगदी आदरानं म्हणाले, की मॅडम फार साध्या, चिकाटीच्या, पण सरकारी पैसा खर्च करण्याचं तंत्र त्यांना जमलं नाही, नाहीतर त्यांचा तो अभ्यास देशभर गाजला असता. सभेनं माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होतो. उठून दोन वाक्यं बोलता आली असती. नाही बोललो. ती इथं लिहितो: पैसा त्यांना खर्च करता येत होता. मी करू दिला नाही. माझी बाजू घेऊ नका, असं बाई म्हणाल्या होत्या, ते कोर्टापुरतं मी पाळलं. इथं पाळत नाही.

मागच्या महिन्यात मी कोर्टात गेलो. मुलानं सोडलं, आत आला नाही. मालकाच्या वकिलानं विचारलं, त्या वर्षी दुखूराम तपासणीला हजर नव्हता, बरोबर? मी म्हणालो, नाही, तो दोनदा आला होता. डॉक्टरबाईंनी त्याला परत पाठवलं, कारण पैसे नव्हते, आणि पैसे माझ्या खणात होते. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. वकील जराही गडबडला नाही. त्यानं नम्रपणे विचारलं, ठीक आहे, मग त्या वर्षी त्याचा दम किती होता, ते आपण सांगू शकाल का?

मी सांगू शकलो नाही. कुणीच सांगू शकत नाही. बाई असत्या तरी त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढची तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात सुकवारो माझ्याजवळ आली. मला वाटलं, जाब विचारेल, आणि मी त्याची तयारी केली होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "सच म आय रिहिस, बाबू? दू बेर?" मी म्हणालो, खरंच आला होता, दोनदा.

ती भिंतीला टेकली. त्या दोन रविवारी दुखूराम मजुरी न घेता रिकाम्या हातानं घरी गेला होता. मॅडमकडे गेलो होतो, पाळी बुडाली, असं त्यानं सांगितलं. तिला वाटलं, पैसे दारूत घातले. पुष्कळ बोलली होती त्याला. "मोला बताय रिहिस," ती म्हणाली. "मैं नइ पतियाएंव." त्यानं सांगितलं होतं, मीच विश्वास ठेवला नाही.

मी तिथून निघालो, तर तिनं मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. तो आला होता. दोन्ही वेळा आला होता. मॅडमनी हात जोडून परत पाठवलं होतं.